निवेदनातली भगिनी

कोरपन्याच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. वीसेक वर्षं मी लोकांचे अर्ज लिहून देतो. सातबाऱ्यावरची चूक, निराधार योजनेचे अडकलेले पैसे, रेशनकार्डातून गळालेलं नाव. या कामात एक गोष्ट मला लवकर कळली. कलम, शासन निर्णय, मागच्या अर्जाचा जावक क्रमांक यांच्यावरून साहेबाची नजर घसरत जाते. मधल्या परिच्छेदात घरातलं आजारी माणूस आलं की ती अडखळते. मग साहेब अर्ज पुन्हा वरपासून वाचतो. तेव्हापासून माझ्या बहुतेक अर्जांत एक आजारी माणूस असतं.

"घरी कोणी आजारी?" मी विचारायचो.

"नाई भाऊ, सारे चांगले हायेत."

"आईचे गुडघे?"

"गुडघे तं दुखतेतच. म्हातारी हाय."

"मग चांगले कसे म्हनता?" असं म्हणून मी लिहून टाकायचो : माझी वृद्ध आई संधिवाताने अंथरुणास खिळलेली असून. ती म्हातारी त्या वेळी शेतात निंदण करत असायची. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. कुणाचं काही बिघडत नव्हतं आणि एखाद्याचं काम होऊन जात होतं.

असंच एक माणूस मी एका निवेदनात घातलं. ती माझी धाकटी बहीण होती. त्यानंतर जे झालं ते मी घरात तुकड्यातुकड्यांनी सांगितलं आहे, पूर्ण कुणालाच नाही. आज लिहितो, कारण मनात ठेवून झोप येत नाही आणि तोंडाने सांगायला लागलो की मी आपोआप स्वतःला सोडवून घ्यायला लागतो.

बहिणीला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा आजार काय हे सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी एवढंच, की रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडांत कळा उठतात. ती नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा मोठी कळ उठली. मी तेव्हा कॉलेजात होतो. दोन्ही मांड्या धरून ती ओरडत होती आणि आई तिच्या तोंडावर पदर धरत होती, शेजारी ऐकतील म्हणून. ते ओरडणं माझ्या अंगात कायमचं राहिलं. आई-वडील गेल्यावर ती माझ्या घरी राहायला आली, ब्लाऊज शिवायला लागली, गावातल्या अर्ध्या बायकांची मापं तिला तोंडपाठ झाली. पण तिच्या खोलीतलं मशीन मध्येच थांबलं की मी अजूनही जेवता जेवता मान वर करतो. लग्न तिचं झालं नाही. बघायला आलेल्या दोन घरांना आजाराचं कळलं आणि तिसरं घर आलंच नाही.

डॉक्टर, नर्सबाई, आशाताई, जो भेटेल तो एकच सांगायचा : पाणी भरपूर पीत जा. तहान लागायची वाट पाहू नको. रक्त घट्ट झालं की पेशी अडकतात.

आता आमचं पाणी. बोअरचं, जड, हंड्याच्या आत पांढरा थर धरणारं. चहा केला तरी वर साय आल्यासारखं दिसतं. आम्ही तेच पिऊन मोठे झालो, आम्हाला त्याचं काही नाही. हिच्या मात्र घशाखाली उतरत नसे.

"भाऊ, हे पानी नाई, चुन्याची निवळी हाय. पानात लावून खाता येईन," ती म्हणायची.

"औषध समजून पी."

"औषध चमचाभर असते. तीन लिटर नसते."

ग्रामपंचायतीच्या शुद्ध पाण्याचं मशीन चालू असलं तर कॅन आणायचो. ते आठवड्यातून चार दिवस बंद. एका उन्हाळ्यात तिने सकाळपासून दोन पेले पाणीही पोटात घेतलं नव्हतं आणि पायात बारीक कळ सुरू झाली होती. मी घाबरून चौकात गेलो आणि संत्र्याच्या रंगाची थंड बाटली घेऊन आलो. तिने ती उभ्या उभ्या संपवली. मी दुसरी आणली. तीही अर्धी झाली. संध्याकाळपर्यंत कळ ओसरली. ती कशाने ओसरली देव जाणे, पण मला वाटलं, सापडलं. शेवटी पोटात काहीतरी पातळ जायला हवं, ते पाणी असो की रंगीत. त्या दिवसापासून आमच्या फ्रीजमध्ये बाटल्या आल्या. माझ्या बायकोने एकदा विचारलं होतं, "येवढं गोड बरं का तिले?" मी म्हणालो, "तिचं ओरडणं तू नाही ऐकलं लहानपणचं." तिने फ्रीजचं दार लावून टाकलं.

पुढे पेपरात बातम्या यायला लागल्या की साखरेच्या पेयांवरचा कर वाढवायचा विचार चालू आहे. लोक फार पितात, पोरांचे दात जातात, शुगर वाढते, बाटली महाग झाली तर कमी पितील, असं त्यात होतं. बाजारातले दुकानदार हलले. आमच्या चौकातला ठोक व्यापारी माझ्या टेबलाशी येऊन बसला. माणूस चांगला. माझ्या वडिलांच्या तेराव्याला त्याने न मागता साखरेचं पोतं पाठवलं होतं. आम्ही त्याला शेठ म्हणायचो.

"भाऊ, एक निवेदन बनवून द्या. तहसीलदारामार्फत वर पाठवायचंय. जोरदार पाहिजे," शेठ म्हणाला. "गरीब मानसाले एवढीच तं मजा हाय. उन्हातून आला, थंडी बाटली मारली, चार घडी बसला. त्यावर बी टॅक्स लावतेत."

मी लिहायला घेतलं. गरिबाची मजा हा मुद्दा झाला, छोट्या टपऱ्यांचा झाला, महाग झालं की लोक खुली सरबतं पितील आणि आजारी पडतील हाही झाला. आणि मग मधला परिच्छेद आला. पेन आपोआप थांबलं. शेठ म्हणाला, "काय झालं?" मी म्हणालो, "कोणी आजारी पाहिजे." तो हसला. "थंड्या बाटलीत आजारी कुठून आनता आता?"

मी आणला. मी लिहिलं : आमच्या गावातील एक सिकलसेलग्रस्त भगिनी, जिला वैद्यकीय सल्ल्यानुसार भरपूर द्रव घेणे आवश्यक आहे, ती येथील क्षारयुक्त पाणी पिऊ शकत नसल्याने केवळ या स्वस्त पेयावर आपला जीव जगवीत आहे, अशा असंख्य रुग्णांच्या तोंडचा घोट शासनाने कृपया काढून घेऊ नये.

शेठने ते दोनदा वाचलं. डोळे ओले केले. खरंच केले. "ही कोन?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "आहे एक." पण एवढ्याशा गावात काय लपतं. त्याने माझी फी विचारली तेव्हा मी हात हलवून नको म्हणालो, आणि पुढच्या महिन्यापासून आमच्या दारात बाटल्यांचा एक क्रेट यायला लागला. आणणारा म्हणायचा, शेठनं ताईसाठी पाठवला.

निवेदन चांगलं झालं होतं हे मला माहीत होतं. पण ते इतकं फिरेल असं वाटलं नव्हतं. जिल्ह्याच्या एका पेपराने छापलं, वर मथळा दिला की सिकलसेल रुग्णांचा आधार हिरावू नका. राजुरा, जिवती इथल्या दुकानदारांनी तीच प्रत उचलली. पुढे शेठने मोबाईलवर मला गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या व्यापाऱ्यांचं निवेदन दाखवलं. गावाचं नाव सोडलं तर शब्द न् शब्द माझा. तिथेही ती भगिनी होती आणि तिथेही तिला पाणी पचत नव्हतं. "भाऊ, तुमची कलम नदी पार करून गेली," शेठ म्हणाला. मला अभिमान वाटला. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय, पण वाटला.

करावर वर काय ठरलं, आमच्या कागदाचा त्यात काही वाटा होता का, मला माहीत नाही. बहुधा कुणी वाचलाही नसेल. वाचला मी. तो कागद खरा ठरवायचा तर बाटली तिला सोसायला हवी होती. म्हणून मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. दर महिन्याला गोळ्या आणायला जायचो तेव्हा ते म्हणायचे, "पाणी नीट पितात ना?" मी म्हणायचो, "हो, पातळ भरपूर जातं पोटात." दरवेळी तेच उत्तर, दरवेळी थोडं घाईने.

दीडेक वर्षाने ती वाळायला लागली. बायका म्हणायच्या, "ताई, कमर कशी बारीक झाली, सांग ना आमाले बी." ती म्हणायची, "माप घेता घेता तुमची कमर पाहून माही आटली." तहान वाढली होती, त्याचं मला समाधानच वाटायचं. लघवीला सारखी जायची. आशाताईला विचारलं तर ती म्हणाली की सिकलवाल्यांची लघवी जास्त असतेच, त्यांच्या किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही. ते खरंच आहे, नंतर मोठ्या डॉक्टरांनीही सांगितलं. मग ती सुईत दोरा ओवायला माझ्या मुलीला हाक मारायला लागली. चाळिशी लवकर लागली म्हणून हसली. ती चौतीस वर्षांची होती.

त्या दिवसांत मी भीत होतो, पण कशाला ते स्वतःला सांगत नव्हतो. टेबलावर बसलो की नजर घराच्या दिशेला. घरी असलो की कान न्हाणीच्या दाराकडे. कडी वाजली की मनात मोजायचो, आणि आकडा फार झाला की मध्येच विसरल्यासारखं करायचो. एका दुपारी न्हाणीच्या मोरीपाशी मुंग्यांची रांग लागलेली दिसली. मी तिथे तांब्याभर पाणी ओतलं. कुणाला सांगितलं नाही. मुंग्या कशाला येतात हे न कळण्याइतका मी अडाणी नाही.

बायकोने शेवटी धोशा लावला. "शुगर तरी पाहून या चंद्रपूरले. पेपरातच येते ना तुमच्या." मग मी बहिणीला घेऊन गेलो. एसटीने उपाशीपोटी जाणं तिला झेपलं नसतं, म्हणून आधीच ठरवलं होतं की तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी करायची. त्या तपासणीसाठी उपाशी राहावं लागत नाही. एका खाजगी लॅबमध्ये गेलो. काउंटरवर एक मुलगी फॉर्म भरत होती. बोलता बोलता कळलं की ती राजुऱ्याची, आणि त्याच गल्लीतली, जिथल्या एका घरी माझ्या मुलीच्या लग्नाचं बोलणं चालू होतं. त्या घराला आम्ही सिकलचं सांगितलेलं नव्हतं. योग्य वेळी सांगू म्हणून ठेवलं होतं.

"पूर्वीचा काही आजार?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

बहीण शेजारच्या खुर्चीत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. भाचीसाठी ती गप्प बसली हे मला तेव्हाच कळलं. मी निवेदनात तिचा आजार लिहिला होता आणि नाव लिहिलं नव्हतं. इथे नाव लिहिलं आणि आजार लिहिला नाही.

तीन तासांनी रिपोर्ट मिळाला. साखर नॉर्मल. मी मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला. बसस्टँडवर आलो, ऊन रणरणत होतं. "पी काहीतरी," मी म्हणालो. तिने गारेगार बाटली घेतली, मीही घेतली. दोघं बाकावर बसून पीत होतो. ती म्हणाली, "वहिनीले सांग, काळजी करत जाऊ नको म्हनावं. मी लोखंडाची हाय." मी तिला दुसरी बाटली घेऊन दिली, बसमध्ये लागेल म्हणून.

मे महिन्यातली गोष्ट. मंगळवारी दुपारी मी टेबलावर होतो आणि मुलगी धावत आली. "बाबा, आत्या उठवल्यानं उठत नाई." घरी पोचलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, शेजारी उलटी. डोळे अर्धे. श्वास पळून आलेलं माणूस घेतं तसा चालला होता. खोल आणि थांबेच ना. मी तोंडाजवळ वाकलो तर पिकून उतरलेल्या फळाचा वास आला. मला वाटलं सिकलची मोठी कळ आहे. मी तिच्या मांड्या चोळायला लागलो. बायको म्हणाली, "तिले दुखून नाई राह्यलं. पहा ना, ओरडून नाई राह्यली." तेव्हा मी जेवढा भ्यालो तेवढा कधीच भ्यालो नव्हतो. लहानपणापासून तिच्या ओरडण्याची भीती होती, आणि ती गप्प होती.

जवळच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्याने बोटाला टोचायला सुई काढली. मी म्हणालो, "साहेब, सिकल आहे तिला, शुगर नाही. रिपोर्ट आहे." आणि मोबाईलमधला फोटो त्याच्यापुढे धरला. म्हणजे त्याही वेळी मी वाद घातला. त्याने माझ्याकडे न बघता टोचलं. मशीनवर आकडा आलाच नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली.

"मशीनच्या बाहेर गेली साखर," तो म्हणाला. मग माझ्या हातातला फोन घेऊन रिपोर्ट बघितला. "सिकल आहे म्हणालात ना? इथे कुठे लिहिलंय?"

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"काका, ही तपासणी रक्ताच्या लाल पेशीला चिकटलेली साखर मोजते. साधी पेशी तीन-चार महिने जगते. यांची तेवढी जगतच नाही. साखर चिकटायच्या आधीच पेशी मरते. रिपोर्ट चांगलाच येणार." त्याचा आवाज चढला नव्हता. "सिकल लिहिलं असतं तर कुणीतरी साधी शुगर केली असती."

एकशे आठची गाडी आली. चंद्रपूरपर्यंतचा तो रस्ता मी हजारदा केलेला. सिमेंटचे ट्रक, मग कोळशाचे, राजुऱ्याच्या पुढे वर्धा नदीचा पूल. त्या दिवशी प्रत्येक ट्रकने आमची वाट अडवली असं वाटत होतं. सलाईनची बाटली वर हलत होती. मी तिचा अंगठा धरून बसलो होतो, कारण हाताला सुया होत्या. पुलावर तिचा श्वास मंदावला. गाडीतला माणूस पुढे वाकला, काहीतरी केलं, परत बसला. मी विचारलं नाही. मी नवस बोललो नाही, रडलोही नाही. मनात एकच वाक्य फिरत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं : केवळ या स्वस्त पेयावर आपला जीव जगवीत आहे.

ती वाचली. चार दिवस अतिदक्षता विभागात होती, मग साध्या वॉर्डात आणली. तिला इन्सुलिन सुरू झालं, पोटावर टोचायचं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की सिकल आणि साखर दोन्ही मिळून डोळ्यांवर आणि किडनीवर जातात, आता आयुष्यभर जपावं लागेल. बाटल्यांचं विचारलं. मी रोजच्या किती ते सांगितलं. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि परत लिहायला लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवर गडचिरोलीकडच्या आतल्या गावची एक बाई मुलीला घेऊन होती. सात-आठ वर्षांची पोर, सिकलचीच. तिसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेत त्या बाईने पिशवीतून बाटली काढली, संत्र्याच्याच रंगाची, आणि पोरीच्या तोंडाला लावली. माझी बहीण उशीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बाई, थे नको देऊ. माहं पाह्य काय झालं."

"सिकलवाल्याईले चालते ना," बाई म्हणाली. "आमच्या दुकानवाल्यानं सांगतलं. पेपरात बी आलं होतं म्हने. तिकडची कोनी बाई हाय, तिले पानी पचत नाई, याच्यावरच जगते."

"कोन बाई?"

"माहीत नाई. कोरपन्याकडची म्हने."

बहीण हसली. "आमच्याच इकडची? कोन रे भाऊ? तुह्याकडं तं सारे येतेत."

मला पळून जाता आलं असतं. बाहेर जाऊन चहा आणता आला असता. दारात वॉर्डबॉय होता, खिडकीत औषधांचे खोके होते, मी या सगळ्यांकडे पाहून घेतलं.  ती पोर बाटलीच्या तोंडाला ओठ लावून माझ्याकडे बघत होती आणि घोट घेत होती.

"बाटली काढा तिच्या तोंडातून," मी म्हणालो. "ते मी लिहिलंय. पेपरातलं. ते खोटं आहे."

बाईला नीट कळलं नाही. "तुमी पेपरवाले हाय का?"

"नाही. मी अर्ज लिहितो. दुकानदारांसाठी लिहिलं होतं, टॅक्स वाढू नये म्हणून. कोणत्याही डॉक्टरने तसं सांगितलं नव्हतं. ती बाई ही आहे." मी बहिणीकडे हात केला. "माझी बहीण."

बाईने बाटली खाली घेतली. झाकण लावलं. मग ती पोरीचं तोंड पदराने पुसत राहिली, पुन्हा पुन्हा, जणू आतपर्यंत पुसता येईल. बहीण उशीवरून सरळ उठून बसली. मग म्हणाली, "म्हनून शेठचा क्रेट येत होता."

"हो."

"मले वाटलं, शेठचा जीव हाय आपल्यावर." थोड्या वेळाने : "काय लिवलं होतं माह्याबद्दल?"

मला तो परिच्छेद पाठ होता. मी म्हणून दाखवला, वॉर्डात, पायाशी उभा राहून. तोंडचा घोट काढून घेऊ नये, इथपर्यंत. ती ऐकत होती. "भगिनी," ती म्हणाली. "आयुष्यात कोनी मले भगिनी नाई म्हटलं." आणि तोंड फिरवून झोपली. 

घरी आल्यावर मी मुलीच्या होणाऱ्या सासरी फोन करून सिकलचं सांगितलं, सगळ्यांच्या तपासण्या करून घेऊ म्हणालो. ते म्हणाले, कळवतो. अजून कळवलेलं नाही. फोन वाजला की आता मुलगीही मान वर करते.

शेठ भेटायला आला होता. फळं घेऊन आला, क्रेट नव्हता. बराच वेळ बसून म्हणाला, "भाऊ, मले माहीत असतं तं..." मी म्हणालो, "मला माहीत होतं शेठ." परवा पुन्हा करवाढीची चर्चा निघाली तेव्हा तो माझ्याकडे आला नाही, दुसरीकडून लिहून घेतलं. मी माझ्या नावाने एक साधा कागद पाठवला : कर वाढवा, आणि त्या पैशातून अशा गावांना पिण्याजोगं पाणी द्या. दोन्ही एकत्र करा, कारण नुसती बाटली महाग करून माझ्या बहिणीच्या हंड्यातलं पाणी गोड झालं नसतं. कुणी म्हणेल, तुझ्या घरी तर फुकट क्रेट येत होता, कराने तुला काय थांबवलं असतं? खरं आहे. मला कशानेच थांबवलं नसतं. पण त्या गडचिरोलीच्या बाईने चार वेळा विचार केला असता. त्या कागदात मी कुणी आजारी घातलं नाही. फार कोरडा झाला. पोच अजून आलेली नाही.

निवेदन भामरागडपर्यंत गेलं ते परत आणता येत नाही. कचेरीसमोर दवाखान्याचं सिकलचं कार्ड घेऊन कुणी आलं की मी आधी थंड्या बाटलीचं विचारतो, मग कामाचं. काही हसतात. एक जण म्हणाला, "काऊन, तुमी कंपनीचे हाय का?"

बहीण आता रोज सकाळी साखर तपासते. दवाखान्याने मशीन दिलं आहे. ती माझ्या बायकोला घेऊन खोलीत बसते आणि दार लोटून घेते. पहिल्या दिवशी मी दाराशी जाऊन विचारलं, "किती आली?"

"तुले नाई सांगत," आतून आवाज आला.

"का?"

"तुले सांगतलं तं तू लिवशीन."

बायकोलाही तिने शपथ घातली आहे. तीन महिने झाले. ती बोलते माझ्याशी, जेवायला वाढते, टोमणेही मारते. पण तो आकडा मला कळत नाही. डोळे तपासायला चंद्रपूरला जाते तीही वहिनीबरोबरच, आणि संध्याकाळी दोघी घरी आल्या की मी बायकोच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते पाहतो. ती चप्पल काढते, पाय धुते. रोज सकाळी मी अंगणात उभा असतो. आत मशीन पीं करून वाजतं. मग काही क्षण दोघी काहीच बोलत नाहीत.